दर्याच्या दगडाला तापीचं पाणी

माय,

टाकीतलं पाणी आज सकाळी पुन्हा बोटभर उतरलं होतं. मार्गशीर्षाची थंडी असली तरी हवा कोरडी आहे, त्यामुळे ते उतरतंच. काचेवर तुझ्यासाठी ओढलेली ती रेघ अजून आहे. मध्ये रंग फिका झाला म्हणून मी ती पुन्हा ओढून घेतली, पण जागा तीच ठेवली. लोटा भरून रेघेपर्यंत पाणी घातलं, हात पुसले आणि कागद घेऊन ओसरीवर येऊन बसलो. तुला वाचता येत नव्हतं. गल्लीत कुणाचंही पत्र आलं की ते तू मला वाचायला लावायचीस आणि मजकूर संपला की विचारायचीस, "इतलंच?" जणू लिहिणाऱ्याने काही हातचं राखून ठेवलं आहे आणि मी ते वाचायचं गाळतो आहे. आजचं पत्र लांबणार आहे.

बोलायचं आहे ते त्या पहिल्या दगडाबद्दल. जायच्या आधी तू मला एकच काम सांगितलं होतंस, की दगड पुन्हा रंगीत झाला की तो जिथून आणला तिथे दर्यात नेऊन सोड. तू गेलीस तेव्हा त्याच्यावर जेमतेम तिळाएवढे ठिपके होते. ते वाढत गेले, एकमेकांना मिळाले, पण पाठीमागे खालच्या अंगाला रुपयाएवढी जागा पांढरीच राहिली होती, आणि ती जागा आहे तोवर मला घाई नव्हती. कुणी विचारलं तर मी दगड उलटा करून ती जागा दाखवायचो. या दिवाळीत पाहिलं तर ती जागाही भरून आली होती. आता दाखवायला काही उरलं नाही. ठरलेलं तुला सांगायचंच आहे, पण मला ते एकदम सांगता यायचं नाही. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी आपला पहिल्यापासून सांगतो.

आबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी तू द्वारकेला गेलीस. गावातली चारपाच माणसं होती, नंदुरबारला गाडीत बसून सुरत, तिथून पुढे गाडी बदलत बदलत. परत आलीस तेव्हा तुझ्या पायांना सूज होती आणि आवाज बसला होता, पण घरात शिरून पाणीही न घेता तू गाठोडं सोडायला बसलीस. प्रसाद काढलास, गोमतीच्या पाण्याची कुपी काढलीस, आणि मग ओल्या लुगड्याच्या घडीतून तो दगड. अर्ध्या नारळाएवढा, खडबडीत, आणि वरून सगळा गुलाबी. कुठे गुलालासारखा, कुठे जांभळाच्या गराकडे झुकणारा. समोरच्या काकूंनी बोट ओलं करून चोळून पाहिलं, रंग बोटाला लागला नाही. तू सांगत होतीस की बेट द्वारकेजवळ ओहोटीला पाणी मागे गेलं तेव्हा तिथले सगळे खडक असेच होते, जणू देव नुकताच रंग खेळून गेला आहे. तू दर्याला तीनदा विचारलंस, मग हा एक उचललास. दर्या काय म्हणाला असं काकूंनी विचारलं तर तू म्हणालीस, "तो कसाले नही म्हनी, त्यानाजोडे बठ्ठं तेच शे." त्याच्याजवळ सगळं तेच आहे, मग एक दगड गेला तर काय, असा तुझा हिशोब.

देवघरात बाळकृष्णाच्या उजव्या हाताला तू त्याला जागा दिलीस. रोज सकाळी तांब्याच्या ताम्हणात ठेवून त्याच्यावर तापीचं पाणी घालायचीस. मी मिरच्या वाळवायच्या पथारीवर कामाला निघायच्या तयारीत असायचो आणि आतून ती बारीक धार ऐकू यायची. तुझा हात असा होता की लोट्यातून दोरा ओढल्यासारखं पाणी यायचं, मध्ये तुटायचं नाही. लग्न होऊन या घरात आलीस त्या दिवसापासून देवांना आंघोळ तुझ्याच हाताने होती. आजारी असलीस तरी उठून बसायचीस आणि तेवढं करून पुन्हा आडवी व्हायचीस.

रंग जायला लागला तो आधी कडांवरून. पहिल्यांदा मला वाटलं की देवघरात उजेड कमी आहे म्हणून तसं दिसतं. मग सगळा दगड धुऊन धुऊन विटलेल्या चोळीसारखा झाला, आणि एके दिवशी पाहतो तर पांढरा. हाडासारखा पांढरा. तू कारण शोधायला लागलीस. आधी ग्रहण आठवलंस, मग काकूंचं ओलं बोट आठवलंस, आणि कुणावर काही ठेवता येईना तेव्हा स्वतःवर आलीस. आबांचं वर्ष सरताच मी फिरायला गेले, ते त्याला आवडलं नसेल, असं एकदा तुझ्या सुनेजवळ म्हणालीस. संध्याकाळचं जेवण बंद केलंस. मी विचारलं तर भूक नाही. देवाने आपला रंग परत घेतला असं तुझ्या मनाने घेतलं होतं, आणि का घेतला हे तू दर सकाळी धार धरून त्याला विचारत होतीस.

शहाद्याच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणारे मास्तर सोमवारी तापीकाठच्या प्रकाशा गावी दर्शनाला जाताना पथारीवर थांबायचे, मिरची निवडून घ्यायचे. मूळचे कोकणातले, खाडीकाठचे. मी त्यांना सहज म्हणून दगडाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, दाखवा. मी त्यांना घरी आणलं. पुढे काय होणार हे कळलं असतं तर आधी त्यांच्याशी एकट्याने बोललो असतो. त्यांनी दगड हातात घेतला, उलटा केला, खिडकीत नेऊन पाहिला आणि आनंदाने सांगायला लागले. आजी, हे जिवंत होतं म्हणाले. शेवाळाच्याच जातीचं, पण अंगात चुना साठवत साठवत दगडावर दगडासारखं पसरणारं. आमच्याकडे ओहोटीला खूप दिसतं. पण समुद्राच्या पाण्याबाहेर ते जगत नाही. गोड्या पाण्याने मरतं, आणि तांब्याचं भांडं असेल तर फारच लवकर. मी त्यांच्याकडे पाहून डोळ्यांनी खुणावत होतो, पण ते दगडाकडे पाहत होते.

तू पदर सावरलास आणि माझ्याकडे वळून विचारलंस, "मंग मी त्याले रोज आंघोय घाली, का त्याना जीव लिधा?"

मास्तरांच्या तोंडचा चहा तसाच राहिला. ते म्हणाले की आजी, तुम्हाला काय ठाऊक, देव काही मनावर घ्यायचा नाही. तू मान हलवलीस, त्यांना अजून साखर हवी का विचारलंस. ते गेल्यावर बशा स्वतः विसळल्यास. दुसऱ्या दिवशी सकाळी धारेचा आवाज आला नाही. मी आत डोकावलो तर लोटा भरून ठेवलेला आणि तू भिंतीला टेकून बसलेली. सुनेला हाक मारून म्हणालीस की आजपासून देव तू धू, "मन्हा हात खरा नही."

त्यानंतरचे ते दिवस मला घरातल्या इतर कुठल्याही दुःखापेक्षा जास्त लक्षात आहेत, आणि खरं तर त्या दिवसांत काहीच घडलं नाही. सून देव धुवायची, तिला भाकरीची घाई असायची, पाणी भसकन पडायचं. तो आवाज आला की तू तोंड दुसरीकडे करायचीस. पांढरा दगड तू टाकला नाहीस. तो फडक्यात बांधून धान्याच्या कणगीमागे ठेवलास. मी पथारीवर उभा राहून वाळत घातलेल्या मिरचीकडे पाहायचो, मैलभर लालच लाल, आणि मनात यायचं की एवढा रंग इथे पायाखाली आहे आणि घरात मुठीएवढा नाही. मला त्या दगडाचं काही नव्हतं. मला तुझा हात देवापाशी परत आणायचा होता. देवाकडे मी तेवढंच मागितलं. आणि मागून स्वस्थ बसणं मला पटेना.

मास्तरांना जाऊन विचारलं की जिवंत दगड आणला तर इथे जगेल का. ते म्हणाले की करून पाहिलेलं कुणी त्यांना ठाऊक नाही, पण समुद्राचं पाणी मिळालं, ते फार तापलं नाही आणि ऊन थेट पडलं नाही तर का जगू नये. त्यांना त्या दिवसाची चुटपुट लागून राहिली होती. ते म्हणाले, मी दर आठवड्याला येऊन पाहत जाईन. आणि आले. तुला तोंड दाखवायला सुरुवातीला लाजायचे, मागच्या दाराने यायचे.

मी द्वारकेला निघालो तेव्हा तुला सांगितलं की पथारीच्या व्यापाऱ्याच्या कामाने सुरतेला जातो. तू दशम्या बांधून दिल्यास. माझ्या हातात लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी, रिकामी, धुऊन पुसून घेतलेली. तू तिच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "सुरतना लोके लोनचं बी करतस वाटतं." मी हो म्हणालो. तू हसली नाहीस, पण बरणीच्या तोंडाला बांधायला स्वच्छ फडकं आणून दिलंस.

येताना बरणीत समुद्राचं पाणी आणि पाण्यात दोन लहान दगड होते, एक गुलाबी आणि एक वांग्याच्या रंगाचा. सुरतेहून पुढे गाडीत उभं राहायला जागा नव्हती. मी बरणी पोटाशी धरून दाराजवळ उभा. नवापूरला उतरणाऱ्या एका बाईने विचारलं, आंब्याचं की लिंबाचं. मी म्हटलं, दर्याचं. तिला ते खोटं वाटलं, म्हणून मी फडकं सोडून दाखवलं. तिने हात जोडले, नवऱ्याला उठवलं आणि बरणीला जागा दिली. मला नाही, बरणीला. मी तिच्याशेजारी उभाच राहिलो. नवापूर येईपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाने बोट बुडवून पाणी कपाळाला लावलं होतं आणि मला धास्ती वाटायला लागली होती की घरी पोचेपर्यंत पाणी उरतं का नाही.

टाकी आपल्या गावच्या सुताराने केली. सागाची चौकट, त्यात नंदुरबारहून आणलेल्या काचा, सांध्यांत लांबी भरलेली आणि वरून डांबर. त्याला काही पटत नव्हतं. तो म्हणायचा की मी दारं केली, खिडक्या केल्या, पाळणे केले, पण पाण्याला घर बांधायला सांगणारे तुम्ही पहिलेच. पहिल्या दिवशी टाकी गळली, दुसऱ्या दिवशी कमी गळली, आणि मग थांबली. पाणी आणायचे मिरचीच्या लॉरीवाले. मिरची घेऊन सुरतेला जायचे, परतताना भर भरतीला किनाऱ्यावर बरण्या भरून घ्यायचे. एक ड्रायव्हर पथारीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "सुरतथीन लोके साड्या लयतस, जर लयतस. आमना भाऊ पानी मांगाडस, आन ते बी खारं." पाणी गढूळ यायचं. ते बरण्यांत निवळून, चौपदरी फडक्यातून गाळून घ्यावं लागायचं. पहिल्या खेपेला बरणीचं तोंड उघडं राहिलं आणि लॉरीभर मिरचीचा खकाणा त्यात बसला. ते पाणी मी ओतून दिलं. परसात जिथे ओतलं तिथे कोंबड्या शिंकत होत्या.

टाकी देवघराशेजारच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवली. तू त्या खोलीत येत नव्हतीस. मी एकदा बोलावलं तर म्हणालीस, "माले त्याना जोडे बलाऊ नको." पण चौकशी करायचीस. आज कसा आहे, रंग आहे का, असं सुनेला विचारायचीस, मला नाही. दगडाबरोबर एक बारीक गोगलगाय आली होती, शंखाची. काचेवर आणि दगडावर हिरवा बुळबुळीत थर यायचा तो ती चाटून साफ करायची, दिवसभर दगडाभोवती फिरायची. सुनेने तुला ते सांगितलं. तू म्हणालीस की मग तो पुजारी आहे, प्रदक्षिणा घालतो आहे. त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी घरात तुझं हसणं ऐकलं.

मग दगड पुन्हा फिके पडायला लागले. कडांवरून, अगदी पहिल्यासारखे. पाणी उतरायचं आणि मी बरणीतलं समुद्राचं पाणी वरून घालायचो. गोड्या पाण्याची मला इतकी भीती बसली होती की टाकीच्या खोलीत मी पाण्याचा पेलासुद्धा नेत नव्हतो. काचेच्या वरच्या कडेला पांढरी खार धरायला लागली. मास्तर आले, त्यांनी एक थेंब जिभेवर घेतला आणि थुंकले. म्हणाले, अहो, हे तर लोणच्याचं पाणी झालं. हवा फक्त गोडं पाणी उडवून नेते, मीठ मागेच राहतं. तुम्ही वर मिठाचंच पाणी घालता, मग रोज खारट होत जाणार. जेवढं उडालं तेवढं रोज गोडं पाणी घाला. थोडं थोडं, सावकाश. एकदम ओतलं तर धक्का बसेल, नाही घातलं तर खारून मरतील.

मी म्हटलं, तापीचं चालेल? ते म्हणाले, निवळून घेतलेलं असेल तर का नाही चालणार.

दुसऱ्या दिवशी पथारीवर गेलो नाही. तू अंगणात बसून तूर पाखडत होतीस. मी कल्हई केलेल्या लोट्यात तापीचं पाणी घेतलं आणि तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो. काय सांगायचं ते रात्रभर जुळवलं होतं, ते काही आठवलं नाही. मी म्हटलं, "माय, दगडले तापीनं पानी जोयजे." तू सूप खाली ठेवलंस. मी तुला चेष्टेने बोलतो आहे की काय असं तुझ्या डोळ्यांत होतं. मग मी तुला मास्तरांचं सगळं सांगितलं, मीठ कसं राहतं, पाणी कसं उडतं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस की मग तूच घाल. मी म्हटलं, "मन्हा हातथीन भसकन पडस. बारीक धार जोयजे. ती या घरमा कोनले येस?"

तुझी सून चुलीपाशी होती, तिने तवा वाजवायचा थांबवला होता. तू उठलीस, हात धुतलेस, पदराला पुसलेस, आणि टाकीच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन पहिल्यांदा त्या दगडांकडे पाहिलंस. लोटा माझ्याकडून घेतलास. विचारलंस, "कितलं?" मी गेरूने काचेवर रेघ ओढली आणि म्हटलं, या रेघेपर्यंत. तू धार धरलीस. आधी पाणी दोनदा तुटलं, मग लागली ती तुझी दोऱ्यासारखी धार. टाकीतल्या पाण्यावर जिथे ती पडत होती तिथे गोडं आणि खारं मिसळताना उन्हात तापलेल्या हवेसारखं काहीतरी हलत होतं. तू तोंडाने पुटपुटत होतीस. रेघेला पाणी टेकलं तेव्हा थांबलीस आणि म्हणालीस, "आपली तापी बी तठेच जास ना शेवट."

त्याच दिवशी दुपारी तू सुनेला म्हणालीस की उद्यापासून देवही मीच धुईन. तू भाकरीकडे बघ.

त्यानंतरची ती दोन अडीच वर्षं मला वाटतं आपल्या घरातली सगळ्यात सुखाची. तू सकाळी देव आटोपून टाकीपाशी यायचीस, धार धरायचीस, मग लाकडी उलथन्याने पाणी हळूहळू ढवळत नाम घ्यायचीस. दर्या कधी स्वस्थ बसतो का, त्याला हलतं पाणी हवं, हे मास्तरांनी सांगितलं होतं. पण नाम घेत ढवळायचं हे तुझं. मी पथारीवरून आलो की टाकीला हात लावायची मला बंदी होती. एकदा मी विसरून काचेवरचा केर काढायला हात घालणार तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस. "मिरचीना हात शे तुन्हा. देवना डोया झोंबतीन." चाळिशीकडे झुकलेला माणूस मी, दोन मुलांचा बाप, आणि साबण घेऊन विहिरीवर गेलो.

चुन्याचंही तुझंच. मास्तर म्हणाले होते की हे जीव अंगात चुना भरतात, पण जुन्या पाण्यातला चुना संपत जातो, म्हणून वाढ थांबलेली दिसते. नवं पाणी लॉरी येईल तेव्हाच. तू पानाच्या डब्याकडे पाहिलंस. आमच्या लहानपणी हाडं कच्ची असली की तू चुन्याची निवळी द्यायचीस, ती पद्धत. मी म्हटलं, माय, देवाला चुना? तू म्हणालीस, "घर बांधाले चुना लागस. तो बी घरच बांधी ऱ्हायना." पहिल्या दिवशी तू जरा जास्तच घातलीस आणि सगळं पाणी ताकासारखं झालं. आपण दोघं घाबरून टाकीपुढे बसून राहिलो. संध्याकाळी ते निवळलं, पुजारी काचेवर फिरताना दिसला आणि तू त्याला नमस्कार केलास. मग तूच माप धरलंस, धारेच्या पाण्यात रोज एक पळी निवळी. मास्तरांना सांगितलं तर ते आधी बसले, मग हसले, आणि म्हणाले की मी हे वहीत लिहून घेतो, आजी. पुढे पुढे दगडांच्या कडांना नवी, फिकट गुलाबी किनार यायला लागली. नखाच्या मुळाशी असते तशी.

उन्हाळ्याची भीती होती. इथला वैशाख दर्याने कधी पाहिलेला नाही. तू रांजणाखाली घालतात तशी ओली वाळू टाकीखाली पसरायला लावलीस, चारी बाजूंनी ओली गोणपाटं, आणि दुपारभर त्यांच्यावर पाणी शिंपडत बसलीस. त्या खोलीत इतका गारवा यायचा की गल्लीतल्या बायका दर्शनाच्या निमित्ताने यायच्या आणि निवडायचं धान्य बरोबर आणायच्या. काकूही यायच्या. तू त्यांना बोट बुडवू द्यायची नाहीस.

एका पावसाळ्यात, तापी दोन्ही थड्यांनी भरून चालली होती तेव्हा, तू कणगीमागून ते फडकं काढलंस. पांढरा दगड. मला न विचारता टाकीत नेऊन त्या दोघांच्या शेजारी ठेवलास. मी मास्तरांना विचारलं, मेलेल्यावर पुन्हा येईल का. ते म्हणाले की तोच नाही यायचा, पण शेजारच्याचं बीज त्याच्यावर बसू शकतं, दगड म्हणजे जागा. तुला मी एवढंच सांगितलं की येईल म्हणतात. तू रोज पाहायचीस. कित्येक महिने काही नाही. आणि मग त्या पौषात, मी पथारीवर असताना, सुनेला पाठवून तू मला बोलावून घेतलंस. मला वाटलं तुला काही झालं. धावत आलो तर तू टाकीला नाक लावून बसलेली. "देख," म्हणालीस. मला दिसेना. तू बोटाने काचेवर दाखवलंस तेव्हा दिसलं. दगडाच्या टोकाला कुंकवाचा कण उडून पडावा तसा एक ठिपका, आणि त्याच्या खाली आणखी एक. त्या संध्याकाळी तू जेवलीस, रात्रीचं जेवण सोडलं होतंस ते पुन्हा सुरू केलंस, आणि दुसरी भाकरी मागून घेतलीस.

पुढच्या वर्षी तू गेलीस. तेव्हा मुंबई राज्य होतं, अजून महाराष्ट्र झाला नव्हता. शेवटच्या आजारात टाकीच्या खोलीतच तुझी खाट होती. तिथेच तू मला ते काम सांगितलंस. मी म्हटलं, माय, एवढ्या कष्टाने आणला, कशाला परत द्यायचा? तू म्हणालीस, "मी लयना तव्हय तो रंगीत व्हता. उसनी लयेल वस्तू जशी लयी तशीच देवानी." शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं तरी तू वाटी शिगोशीग भरून परत करायचीस.

तर माय, दगड रंगीत झाला आहे. पुढून गुलाबी, वरून जांभळा, आणि खाली जिथे उजेड कमी तिथे विटेसारखा लाल, जो तू आणलास तेव्हा नव्हता. गावात वीज आली, मास्तर म्हणतात आता पाणी हलवायला छोटा पंप बसवा. ते आता निवृत्त झाले आहेत, सोमवारी अजून येतात, पुढच्या दाराने. मी पंप घेतला नाही. मी उलथन्यानेच ढवळतो. पहिला पुजारी गेला, पण त्याच्या जागेवर दुसरा आणला आहे. मधल्या एका उन्हाळ्यात मी आणलेले ते दोन्ही दगड निम्मे पांढरे पडले होते आणि तुझ्या दगडावरूनच त्यांच्यावर पुन्हा रंग चढला, म्हणजे कुणी कुणाचं देणं फेडलं ते मला सांगता येत नाही.

उद्या सकाळच्या गाडीने मी द्वारकेला निघतो आहे. व्यापाऱ्याने ऐन हंगामात रजा दिली, तुझं नाव काढल्यावर. थंडी आहे, वाटेत पाणी तापायचं नाही. बरणी तीच आहे, धुऊन ठेवली आहे, फडकंही स्वच्छ आहे. या वेळी कुणी विचारलं तर आधीच दर्याचं म्हणून सांगेन, म्हणजे निदान बरणीला तरी जागा मिळेल. ओहोटी बघून तू सांगितलेल्या ठिकाणी जाईन आणि दर्याला तीनदा विचारून दगड ठेवीन. मी नसेन तेव्हा पाणी तुझी सून घालणार आहे. तिची धारही आता तुटत नाही, हे तुला सांगायला हवं.

हे पत्र दगडाबरोबर पाण्यात सोडावं असं मनात आलं होतं, पण लिहिलेला कागद दर्यात टाकणं बरं नाही. देवघरात आसनाखाली ठेवतो. तिथे तुझा हात पोचतो असं मी धरून चालतो.

एक राहिलं. आज सकाळी पाणी घालायच्या आधी मी पटाशी घेऊन दगडाच्या पाठीमागचा एक टवका काढला. सुपारीएवढाच आहे. शेवटी भरून आली ती जागा. तुझी सून दारात उभी होती. ती म्हणाली, "मायले काय सांगशात?" मी म्हटलं, लिहून सांगतो. तो तुकडा मी टाकीत त्या दोन दगडांच्या मध्ये ठेवला आहे. दर्याला मी तो दिल्यात धरणार नाही आणि घेतल्यातही धरणार नाही. तू वाटी शिगोशीग भरून देणारी, तुला हे आवडायचं नाही ते मला माहीत आहे.

इतलंच.